काच बटणाला शोभते, मजकुराखाली नको

या महिन्याच्या टपालात एकच विषय गाजतोय. ॲपलने १५ सप्टेंबर २०२५ ला आयफोनसाठी आयओएस २६, म्हणजे फोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, आणलं आणि फोनच्या पडद्याचं सगळं रूपच पालटलं. ‘लिक्विड ग्लास’ असं त्या रूपाचं नाव. बटणं, पट्ट्या, मेनू, आलेल्या मेसेजच्या चौकटी, सगळं काचेसारखं आरपार. मागचं चित्र त्यातून दिसतं, कडेला वाकतं, फोन हलवला की त्यावरची चमकही सरकते. कुणी त्यावर फिदा आहे, तर कुणाला मजकूर वाचता येईना म्हणून मनस्ताप होतोय. दोन्ही बाजूंची पत्रं आली आहेत, तावातावानं लिहिलेली. त्यात अँड्रॉइडवाल्यांची एक तक्रारही आहे. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, हा अंक याच वादाला.

माझी बाजू आधीच सांगते. माझे वडील कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे. त्याच छापखान्यात पुढे मी संगणकावर पत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल लावले. मजकूर वाचता आला पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर, या मताची मी आहे.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक. साने गुरुजी वसाहतीत राहतो. मुलानं त्याचा आयफोन मला दिलाय. दिवाळीच्या सुमारास तो अपडेट झाला, आणि तेव्हापासून लॉक स्क्रीनवर आलेले मेसेज मला धड वाचता येत नाहीत. मागे नातीचा पांढऱ्या फ्रॉकमधला फोटो आहे आणि त्यावरच पांढरी अक्षरं येतात. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, असं डॉक्टर म्हणाले आहेत. मुलगा म्हणतो, ‘बाबा, चष्मा बदला.’ दोष डोळ्यांचा की फोनचा?

उत्तर : सर, डोळे तपासून घ्याच, पण नुसत्या चष्म्यानं हे सुटेल असं मला वाटत नाही. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं आणि आत येणारा प्रकाश विखुरतो. अशा डोळ्याला अक्षर आणि त्याच्या मागचा रंग यांतला फरक कमी कळतो. चष्मा रेषा नीट दाखवील, पण हा फरक काही वाढवून देणार नाही. तो पडद्यानं द्यायचा असतो, आणि नव्या रूपात नेमका तोच कमी झालाय.

या फरकाला मोजमाप आहे. वेबवरच्या मजकुरासाठी जगभर डब्ल्यूसीएजी नावाचे निकष मानले जातात. साध्या मजकुराचा आणि त्याच्या मागच्या रंगाचा उजेड यांचं प्रमाण निदान ४.५ ला १ असावं, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालेल, असं ते सांगतात. पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर काळंकुट्ट अक्षर असेल तर हे प्रमाण २१ ला १ भरतं. दोन्ही रंग ठरलेले असले की हा हिशोब आधीच करता येतो. काचेच्या चौकटीत मागचा रंग ठरलेलाच नसतो. तुमच्याकडे नातीचा फ्रॉक आहे, शेजाऱ्यांकडे रंकाळ्यावरची संध्याकाळ असेल, आणखी कुणाकडे उसाचं हिरवं रान. फोन आपल्या परीनं अक्षरांचा रंग बदलून सांभाळून घ्यायचा प्रयत्न करतो, पण एकाच ओळीखाली अर्धा फ्रॉक आणि अर्धे काळेभोर केस आले तर तो तरी कुठला रंग घेणार?

छापखान्यात हा पेच रोजचा होता. लग्नपत्रिका करायला आलेल्या घरातलं कुणीतरी हमखास म्हणायचं, मजकुराच्या मागं अंबाबाईचा फोटो घ्या. आम्ही घ्यायचो, पण फोटोची स्क्रीन दहा-बारा टक्क्यांवर आणून. देवी ओळखू येईल एवढाच फिका फोटो आणि वर नाव, गाव, मुहूर्त गडद शाईत. फोटो ठसठशीतच पाहिजे असा कुणी हट्ट धरला, तर तसं एक प्रूफ काढून त्यांच्याच हातात द्यायचं आणि मुहूर्ताची वेळ वाचून दाखवा म्हणायचं. देवीच्या दागिन्यांवर ‘१२ वाजून ३२ मिनिटे’ आलेलं असायचं. वाचता वाचता घरातली थोरली माणसंच म्हणायची, राहू दे, फिका करा. तुमच्या फोनवरचा फोटो फिका करायला मधे कुणी नाही, एवढाच फरक.

आता उपाय. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘डिस्प्ले अँड ब्राइटनेस’ उघडा. तिथं ‘लिक्विड ग्लास’ असं लिहिलेलं दिसेल. त्यात ‘क्लिअर’ आणि ‘टिंटेड’ असे दोन पर्याय आहेत, त्यातलं ‘टिंटेड’ निवडा. हा पर्याय ३ नोव्हेंबर २०२५ ला आलेल्या २६.१ पासून आहे. तुम्हाला तो दिसत नसेल तर फोन अजून २६.० वर असणार, आधी पुढचं अपडेट घ्या. एवढ्यानं भागलं नाही तर सेटिंग्जमधून ‘ॲक्सेसिबिलिटी’, त्यात ‘डिस्प्ले अँड टेक्स्ट साइज’ इथं जाऊन ‘रिड्यूस ट्रान्सपरन्सी’ चालू करा. चौकटी बऱ्याच भरीव होतील. त्याच पानावर ‘इन्क्रीज कॉन्ट्रास्ट’ आणि ‘बोल्ड टेक्स्ट’ आहेत, तुमच्यासाठी मी तिन्ही चालू ठेवीन. आणि नातीचा फोटो काढू नका! लॉक स्क्रीनवर मेसेज खालच्या अंगाला जमतात. तिचा असा फोटो निवडा की चेहरा वर असेल आणि खालचा अर्धा भाग गडद, एकरंगी असेल. निळं परकर-पोलकं घातलेला असेल तर तोच लावा.

मुलाला एवढंच सांगा की त्याच्या तरुण डोळ्यांनीसुद्धा हाच फोन दुपारी बाराला महाद्वार रोडवर उभं राहून वाचून बघावा.

प्रश्न : ताई, मी ॲप्लाइड आर्ट शिकते, राजारामपुरीत राहते. मला लिक्विड ग्लास मनापासून आवडलंय. कितीतरी वर्षांनी फोनच्या पडद्यावर काहीतरी जिवंत दिसतंय. आमच्या सरांपासून घरच्यांपर्यंत सगळे नावं ठेवतायत. २०१३ मध्ये आयओएस ७ आलं तेव्हाही लोक असेच ओरडले होते म्हणे, आणि नंतर सगळ्या जगानं तेच रूप उचललं. वाचणाऱ्याची सोय म्हणून डिझाइननं कायम सपाट आणि मचूळच राहायचं का?

उत्तर : तुझं पत्र वाचून बरं वाटलं, कारण तू बघून लिहिलंयस. तुझं जिथं बरोबर आहे तिथं आधी येते. बटण दाबलं की मेनू त्या बटणातूनच फुलून येतो, मिटला की तिथंच परत जातो, त्यामुळे कशातून काय उघडलं हे डोळ्याला कळतं. वाचत खाली गेलं की तळाची पट्टी आकसते आणि मजकुराला जागा मिळते. काचेच्या कडेला मागचं चित्र वाकतं, ते भिंगातून बघितल्यासारखं खरं वाटतं. हे करायला किती जीव ओतलाय ते मला दिसतं आणि त्याला मी कुठंही कमी लेखणार नाही.

२०१३ चा दाखला मात्र पुरता बघ. त्याआधीच्या आयफोनवर ‘फाइंड माय फ्रेंड्स’ या ॲपला चामड्याची शिवण होती, पुस्तकांना लाकडी फळी होती, खेळांच्या पानाला हिरवं बनात कापड होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयफोनच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख स्कॉट फोर्स्टॉल जाणार हे जाहीर झालं, पडद्याच्या रूपाची जबाबदारी ॲपलच्या वस्तूंचं डिझाइन करणाऱ्या जॉनी आइव्ह यांच्याकडे आली, आणि सप्टेंबर २०१३ च्या आयओएस ७ मध्ये हे सगळं एकदम पुसलं गेलं. लोक ओरडले हे खरं. पण ओरडले कशावर? पहिल्या चाचणी आवृत्तीत अक्षरं इतकी बारीक होती की वाचताना त्रास व्हायचा. तिसऱ्या चाचणी आवृत्तीत ती जाड केली. बटण कुठलं आणि नुसता शब्द कुठला ते ओळखू येईना, म्हणून मार्च २०१४ च्या ७.१ मध्ये बटणांना आकार दाखवण्याची सोय दिली. पडदा हलताना काहींना गरगरायचं, त्यावरही हालचाल कमी करण्याची सोय वाढवली. २०१५ मध्ये तर मुळातला टाइपच बदलून पडद्यासाठी घडवलेला सॅन फ्रान्सिस्को आणला. म्हणजे जगानं जे उचललं ते पहिल्या दिवशीचं आयओएस ७ नव्हे. तक्रारींनी घासून-पुसून घेतलेलं ते रूप होतं. ओरडणाऱ्यांचा त्यात वाटा आहे, आणि तो मानानं सांगावा असा वाटा आहे.

या वेळीही तेच चाललंय. ९ जून २०२५ ला हे रूप दाखवलं. पहिल्या चाचणी आवृत्तीत कंट्रोल सेंटर (वायफाय, आवाज, उजेड यांच्या बटणांचा पडदा) उघडलं की मागचे ॲपचे आयकॉन त्यातल्या बटणांत मिसळायचे. दुसऱ्या आवृत्तीत तो भाग धूसर केला. तिसऱ्यात काच आणखी दुधी केली, तेव्हा तुझ्यासारखे आवडणारे नाराज झाले, मग चौथ्यात पुन्हा आरपार. नोव्हेंबरात ‘टिंटेड’ आलं, डिसेंबरातल्या २६.२ मध्ये लॉक स्क्रीनवरच्या घड्याळाची काच कमी-जास्त करायची पट्टी आली. हे रूप मांडणारे ॲलन डाय डिसेंबरात मेटाकडे जाणार असल्याची बातमी आली. त्यावरून काहींनी डिझाइन फसल्याचा निष्कर्ष काढला, मी काढत नाही. माणसं नोकऱ्या बदलतात.

काच ही कल्पना काही नवी नाही, हेही तुझ्या अभ्यासात असू दे. ॲपलनंच २००० साली मॅकसाठी ‘ॲक्वा’ दाखवलं, तेव्हाची बटणं पाण्याच्या थेंबासारखी होती. मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्ये विंडोज व्हिस्टात खिडक्यांच्या कडा काचेच्या केल्या आणि २०१२ च्या विंडोज ८ मध्ये त्या काढून टाकल्या. आताच्या काचेची मुळं ॲपलच्याच व्हिजन प्रोमध्ये आहेत, तो डोळ्यांवर चढवायचा संच २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत विक्रीला आला. तिथं आरपार असण्याला कारण आहे. डोळ्यांवर संच घालून माणूस घरात वावरतो, समोरची खुर्ची, दारातून आत आलेलं माणूस त्याला दिसलं पाहिजे, म्हणून खिडकी पूर्ण झाकून चालत नाही. फोनच्या काचेमागं खोली नसते. तिथं असतो दुसरा मजकूर किंवा फोटो, आणि तो तेव्हा मला बघायचाच नसतो, कारण मी समोरचा मेसेज वाचत असते. माझं खरं भांडण इथं आहे.

आणि यात मी एकटी नाही. ॲपलनं डिझायनरांना स्वतःच सांगितलंय की ही काच मजकुरावर तरंगणाऱ्या, ये-जा करायच्या बटणांच्या थरासाठी आहे. मजकुराच्या थराला ती लावू नका, काचेवर काच चढवू नका. नियम उत्तम आहे. आता लॉक स्क्रीनवर आलेली सूचना घे. आईचा मेसेज, बँकेचा ओटीपी, रुग्णालयातून आलेली तपासणीची वेळ. हा वाचायचा मजकूर आहे की तरंगतं बटण? मी म्हणते मजकूर. मग तो काचेवर का? हा प्रश्न तू सरांना विचार आणि ते काय म्हणतात ते मला जरूर कळव.

मचूळ राहायचं का, असं तू विचारलंस. अजिबात नाही. बटणं काचेची कर, चमकव, वाकव, मला आनंदच आहे. वाचायच्या ओळीखाली मात्र भक्कम रंग दे. वाचणारा म्हणजे फक्त म्हातारा, हे डोक्यातून काढ. भर उन्हात पत्ता शोधणारा डिलिव्हरीचा मुलगा, अर्धशिशीनं डोकं धरलेली बाई, बाळ कडेवर घेऊन एका हातानं फोन बघणारी आई, सगळे वाचणारेच. एक काम कर. एकच मेसेज निरनिराळ्या फोटोंवर येऊ दे, प्रत्येकाचा स्क्रीनशॉट काढ, आणि तुझ्या मेसच्या मावशींना हातातलं काम न थांबवता वाचायला सांग. कुठल्या फोटोवर त्या अडखळतात ते लिहून ठेव. त्या वहीतून तुझं पुढचं डिझाइन निघेल.

प्रश्न : माझ्याकडे आयफोन एक्सआर आहे. हे नवं रूप मला नको आहे. ते आपोआप येईल का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : येणार नाही. आयओएस २६ आयफोन ११ आणि त्यानंतरच्या फोनांसाठी आहे. तुमचा फोन त्याआधीच्या आयओएस १८ वरच राहील. त्यासाठी सुरक्षिततेची दुरुस्ती म्हणून निघणारी १८ मालिकेतली अपडेट मात्र चुकवू नका, त्यांनी रूप बदलत नाही.

प्रश्न : ताई, नमस्कार. शाहू मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. माझा फोन अँड्रॉइड. ऑगस्टमध्ये एका रात्रीत फोनचा कॉलचा पडदाच बदलला. मी कसलंही अपडेट केलं नव्हतं. पोरं म्हणाली हॅक झालाय, मी घाबरून बँकेचं ॲप काढून टाकलं. नंतर कळलं की यार्डात बऱ्याच जणांचं तसंच झालंय. आता हंगाम सुरू आहे, सौदे चालू असताना शेतकऱ्याचा फोन आला की उचलायला बोट कुठं न्यायचं तेच चुकतं. हे कुणी केलं, आणि जुनं परत येईल का?

उत्तर : दादा, हॅक झालेला नाही, बँकेचं ॲप निर्धास्त परत घ्या. बऱ्याच कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये कॉलसाठी गुगलचंच ‘फोन’ ॲप असतं. गुगलनं मे २०२५ मध्ये ‘मटेरिअल ३ एक्स्प्रेसिव्ह’ नावाचं नवं रूप जाहीर केलं आणि ऑगस्टमध्ये ते या ॲपला लावलं. ॲप आधीच तुमच्या फोनमध्ये होतं, नवं रूप चालू करायची कळ गुगलनं आपल्याकडून दाबली. म्हणून तुम्ही काही न करता सकाळी सगळं वेगळं दिसलं. आवडते नंबर आणि नुकतेच झालेले कॉल यांची वेगळी पानं जाऊन दोन्ही एकाच ‘होम’ पानावर आले, कॉल कट करायचं बटण मोठं झालं, आणि कॉल उचलायची तऱ्हा बदलली.

फोन ॲप उघडा, वरच्या मेनूतून सेटिंग्जमध्ये जा आणि ‘इनकमिंग कॉल जेस्चर’ शोधा. तिथं बोट आडवं सरकवून उचलायचं की एकदा टेकवून, हे ठरवता येतं. सौद्याच्या गडबडीत एकदा टेकवणंच बरं. पण खिशातून काढताना अंगठा लागून फोन उचलला जात असेल तर आडवं सरकवणं ठेवा. अगदी जुनंच रूप हवं असेल तर ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरा, ‘ॲप इन्फो’त जा, वरच्या तीन टिंबांतून ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करा आणि प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपचं आपोआप अपडेट बंद करा. मी तसं करायचा सल्ला देणार नाही, कारण अपडेटमधून दुरुस्त्याही येतात. उचलायची तऱ्हा सोयीची करून घ्या आणि आठवडाभर वापरून बघा.

तुमची तक्रार मला काचेच्या तक्रारीपेक्षाही मोठी वाटते. काच आली ती निदान अपडेट घेतल्यावर आली. कॉल उचलणं ही बघून करायची गोष्टच नाही. हात ते आपोआप करतो, एका हातात गुळाची भेली असताना करतो, गाडी बाजूला घेता घेता करतो. इतक्या अंगवळणी पडलेल्या गोष्टीची जागा बदलायची तर आधी एक पडदा दाखवायचा, नवं असं आहे, जुनं ठेवायचं असेल तर इथं दाबा म्हणून. तुम्हाला तो दाखवला असता तर ना पोरं घाबरली असती, ना तुम्ही बँकेचं ॲप काढलं असतं. फोन तुमच्या पैशानं घेतलाय. एवढं विचारून घेणं हा तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

प्रश्न : आमची चौघांची छोटी कंपनी आहे, ॲप बनवतो. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेसाठी केलेल्या ॲपमध्ये शेतकऱ्याला रोजचं दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि रक्कम दिसते. संस्थेच्या संचालकांना आता ते ‘आयफोनसारखं काचेचं’ करून हवंय. नाही म्हणालो तर काम जाईल अशी भीती आहे. काय करावं?

उत्तर : नाही म्हणू नका, पहाटे संकलन केंद्रावर घेऊन जा. म्हणजे संचालकांनाच घेऊन जा. दोन नमुने करा, एक काचेचा, एक साध्या भरीव रंगाचा, आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या हातात द्या. तिथं एकच ट्यूबलाइट असते, हात ओले असतात, एका हातात किटली असते, आणि फोनच्या काचेला तडा गेलेला असतो. म्हशीच्या दुधाचं फॅट ६.५ लागलं की ५.५, यावर त्या माणसाचा दर ठरतो. पावतीवर मराठी आकडे असतील तर पाच आणि सहा, एक आणि नऊ यांची गफलत होते. इंग्रजी असतील तर तीन, सहा आणि आठ एकमेकांसारखे दिसतात. हा घोळ फिक्या रंगावर आणि धूसर चौकटीत वाढतो. छापखान्यात दरपत्रकाचं प्रूफ मी याच आकड्यांसाठी दोनदा वाचायची.

देवनागरीचा मुद्दा संचालकांपुढं वेगळा मांडा. आपल्या लिपीत रेघेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार असतात आणि खाली उकार. हे सगळे बारीक अवयव. मागं चित्र हललं की पहिले तेच हरवतात. म्हणून अक्षर थोडं जाड घ्या, ओळींत अंतर जास्त ठेवा. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता यांसारखे मोफत मिळणारे टाइप यासाठी चांगले आहेत. मजकूर आणि त्यामागचा रंग यांचं ४.५ ला १ हे प्रमाण वर सरांच्या उत्तरात दिलंय, ते किमान समजा. फॅट आणि रकमेच्या आकड्यांना मी ७ ला १ तरी ठेवीन, डब्ल्यूसीएजीच्या वरच्या पातळीला तेवढंच लागतं.

कायद्याची बाजूही त्यांना माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये माहिती-तंत्रज्ञान सगळ्यांना वापरता येईल असं असण्याची तरतूद आहे, आणि भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १७८०२ हे मानक त्याचसाठी केलेलं आहे. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ते प्रकरण ई-केवायसीचं, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याचं होतं, ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्यांचं आणि अंध व्यक्तींचं. दूध संस्थेत मोतीबिंदू झालेले सभासद किती असतील, याचा अंदाज संचालकांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला असणार.

काही तांत्रिक गोष्टी. तुमचे बहुतेक सभासद अँड्रॉइडवर असतील, तिथं ॲपलची काच आपोआप येणार नाही, ती मुद्दाम नकलावी लागेल. त्यावर पैसे घालवू नका. आयफोनवरची आवृत्ती नव्या एक्सकोडनं (ॲपलच्या ॲप बनवायच्या साधनानं) बांधली की तयार बटणं, पट्ट्या आपोआप काचेच्या होतात. ते तूर्त थांबवायला ॲपच्या माहिती-फायलीत ‘यूआय डिझाइन रिक्वायर्स कम्पॅटिबिलिटी’ ही कळ चालू ठेवता येते. ही सवलत तात्पुरती आहे, पुढच्या मोठ्या आवृत्तीत ती जाणार असं ॲपलनं सांगितलंय, तेव्हा त्या मुदतीत पडदे नीट करून घ्या. खालची पट्टी आणि परत जायचं बटण काचेचं झालं तरी चालेल. फॅट, एसएनएफ, रक्कम यांच्याखाली पांढरा रंग शंभर टक्के भरलेला असू द्या. आणि वापरणाऱ्यानं फोनमध्ये ‘रिड्यूस ट्रान्सपरन्सी’ चालू केलं असेल तर तुमच्या ॲपनं ते पाळलंच पाहिजे, स्वतः काढलेल्या चौकटींसाठी तपासणी तुम्हालाच लिहावी लागेल.

रूप बदलायचं ठरलंच, तर दहा तारखेच्या बिलाच्या दिवशी बदलू नका. बिल वाटून झाल्यावर बदला, आधी आठवडाभर संकलन केंद्रावर छापील कागद लावा, आणि ‘जुनं रूप ठेवा’ हे बटण पहिल्याच पडद्यावर मोठ्या अक्षरांत द्या. संचालक त्याला हरकत घेतील. माझं हे उत्तर त्यांना वाचायला द्या.